शेवटचा स

माझं दुकान म्हणजे सिव्हिल लाइन्समध्ये,
कोर्टाच्या कुंपणाला टेकून, कडुनिंबाखाली,
एक टेबल, एक छत्री आणि पाटी:
रबरी व पितळी शिक्के अर्ध्या तासात.
चाळीस वर्षं झाली, सरपंच, सचिव, नोटरी, प्राचार्य
माझ्या हातात आधी उलटे जन्मतात.

म्हणूनच अजब बंगल्यातून बोलावणं आलं असावं.
शिपाई म्हणाला, "परातेभाऊ, भिंग घेऊन चला,
बोरकुटे मॅडमचं काहीतरी अडलं आहे."

कन्हानच्या रेतीत सापडलेली अंगठी.
ट्रॅक्टरवाल्यानं ती इतवारीत नेली,
सराफानं तोलली आणि सांगितलं,
सोनं चोख आहे, खडा मात्र चरे पडलेला, बाद.
मग पोलीस, पंचनामा, मांजरपाटाची पुडी, लाख.
लाखेवरचा ठसा मी लांबूनच ओळखला.
माझाच, एक्क्याण्णव सालचा,
ठाण्यातल्या 'ठा'चं पोट अजून तसंच फुगलेलं.

सोनं मऊ, हळद लागलेल्या बोटासारखं.
त्यात अकीक, बोराएवढा, पिकल्या बोराच्याच रंगाचा.
आत खोलवर हंस,
मान मागे वळवून स्वतःची पाठ चोचीनं साफ करत असलेला.
त्याच्या पायाशी चार अक्षरं, ज्वारीच्या कणीएवढी.

मॅडमनी मळलेल्या मातीवर खडा दाबला.
"र, खि, त. इथपर्यंत लागतं.
चौथं अक्षर कुठल्याच तक्त्यात नाही.
तीन महिने झाले, पराते."

मला ती लिपी येत नाही.
मला हात तेवढा वाचता येतो.
भिंगातून बघितलं:
तीन अक्षरांत चाक उजवीकडून आत शिरलेलं,
जपून, श्वास रोखून.
चौथ्यात डावीकडून,
सरळ, सवयीनं,
घरी चिठ्ठी लिहावी तसं.

म्हटलं, "मॅडम, हे नवीन अक्षर नाही जी.
हे पलटवायचं राहिलं त्याच्याकडून."

त्यांनी तक्ता पाठमोरा करून खिडकीच्या उजेडात धरला.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "स.
रखितस. म्हणजे रखिताची."

नाव बरोबर होतं त्याचं.
मालकीच तेवढी उलटी पडली होती.

रबर असतं तर मी नवीन कापलं असतं,
वीस रुपयांचं नुकसान, कोणाला पत्ता नाही.
अकिकात खणलेलं बुजवता येत नाही.
कुरुंदाची पूड, तेल, दोरीनं फिरणारं चाक,
दिवस कलायला आलेला,
एकच अक्षर उरलेलं,
आणि कोणीतरी दारातून विचारलं असेल, झालं का?
झालं म्हणताना त्यानं मान वर केली असेल.
पहिला ठसा मातीवर उठला तेव्हा
त्याच्या पोटात काय झालं असेल, ते मला माहीत आहे.
ते कुठल्या तक्त्यात मिळणार नाही.

सांगितलं का त्यानं?
की रखितानं स्वतःच बघितलं, हसला, आणि घातली?
घातली, एवढं नक्की.
तळहाताकडची कडी झिजून कागदाएवढी झाली आहे.
अशी झीज दोन-चार वर्षांत होत नाही,
माणसाला अख्खं आयुष्य त्या बोटानं
काही ना काही धरावं लागतं.

मॅडमनी रजिस्टर भरलं.
धातू, वजन, खडा, मजकूर.
'कोरणारा' असा रकानाच नव्हता.
शेऱ्यात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं:
शेवटचा वर्ण सरळ कोरलेला.
मला पन्नास रुपयांचं व्हाउचर मिळालं,
त्यावर 'प्रदान' असा शिक्का.
तोही माझाच, पण तो बरा जमला होता.

परत आलो तर छत्रीखाली एक पोरगा उभा,
हातात चिठ्ठी, पतसंस्थेचं नाव, दोन ओळी.
"काका, अर्ध्या तासात ना?"
मी पाटीकडे बघितलं,
मग चिठ्ठीतल्या शेवटच्या अक्षराकडे.
"बस बाप्पा," म्हटलं,
"आज एक तास लागेल."